रोशनच्या गावी

कऱ्हाडच्या माणसाला गोंदिया हे गाडीच्या पाटीवरचं नाव म्हणून माहीत असतं. कोल्हापूरहून सुटलेली गाडी आमच्या स्टेशनात थांबते, डब्यांवर ते नाव लिहिलेलं असतं, आणि आमच्याकडचे बहुतेक लोक तिनं फार तर पुण्यापर्यंत जातात. त्यापुढे काय लागतं हे मलाही साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून नोकरी केली, निवृत्त झालो, पण त्या बाजूला जाण्याचं काही कारण कधी पडलं नव्हतं.

ते पडलं आमच्या मुलामुळे. अमेय चाकणला एका कारखान्यात होता. त्याच्याच पाळीत काम करणारा, त्याच्याच खोलीत राहणारा मुलगा म्हणजे रोशन गहाणे, गोंदिया जिल्ह्यातला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, एका सुट्टीच्या दिवशी दोघे मोटरसायकलवरून घाटाखालच्या एका नदीवर गेले आणि परत आले नाहीत. काठावर गाडी सापडली, दोघांचे बूट सापडले. काय झालं ते पाहणारं कुणी नव्हतं. शोध चालू होता तेवढे दिवस मी एका दगडावर बसून असे आणि माझ्या शेजारी रोशनचे वडील, दिवाकर गहाणे. आम्ही एकमेकांना चहा आणून देत होतो. मग अमेय सापडला. रोशन नाही सापडला. पाणी ओसरलं, शोध थांबला आणि दिवाकरराव मुलाचे बूट पिशवीत घालून एकटे गावी गेले.

त्यानंतर सणावाराला फोन व्हायचे, दोन-चार वाक्यांचे. या जानेवारीत मात्र ते बराच वेळ बोलले. धाकटी मुलगी प्रणाली हिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. भावकीचं म्हणणं पडलं की मांडव घालायच्या आधी थोरल्याचं क्रियाकर्म व्हायला हवं. देह नसेल तर पळसाच्या पानांचा माणूस बांधतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. रोशनची आई, छायाबाई, ऐकायला तयार नव्हत्या.

"तुमी या भाऊ," दिवाकरराव म्हणाले. "माह्या तोंडून निंगत नाई. तुमी सांगतला त ऐकन ती."

मी काय सांगणार, हे त्यांनी सांगितलं नाही. मला ते कळलं होतं, पण मीही विचारलं नाही. सुनंदा, माझी बायको, दोन वर्षांत मंडईपलीकडे कुठे गेली नव्हती. मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "जाऊ या." एवढंच.

गोंदिया

प्रवास लांबचा आहे, एवढंच सांगतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ उलटल्यावर गोंदियाला उतरलो. फलाटावर दिवाकरराव आणि छायाबाई दोघेही आले होते. दिवाकरराव आणखी वाळले होते. छायाबाईंना मी पहिल्यांदाच पाहत होतो: ठेंगणी, काटक बाई, गळ्यात कापडी पिशवीत मोबाइल अडकवलेला. त्यांनी सुनंदाचा हात हातात घेतला, पण नजर आमच्या मागे डब्याच्या दारावर होती. सगळी माणसं उतरून डबा रिकामा झाला तरी त्या तिकडेच पाहत राहिल्या. मला वाटलं, आमचं सामान आणखी असेल असं त्यांना वाटतंय. मी म्हटलं, "एवढीच एक बॅग आहे." त्यांनी मान हलवली.

गोंदियाच्या स्टेशनबाहेर महाराष्ट्र संपल्यासारखा वाटतो. रिक्षावाला हिंदी, चहावाला हिंदी. दिवाकररावांनीही "कुडवा चलना है, कितने लोगे" अशी सुरुवात केली आणि घासाघीस आपल्या बोलीत संपवली. रिक्षावाल्याला दोन्ही समजत होतं. कुडवा म्हणजे शहराला लागून वाढलेली वस्ती. तिथे दिवाकररावांच्या भावाचं घर आहे. रात्र तिथेच काढायची होती.

जेवायला भात, लाखोरीची डाळ आणि वांग्याची भाजी. पोळी किंवा भाकरी आधी आणि भात शेवटी, हा आमच्याकडचा क्रम तिकडे नाही. भातानंच सुरुवात आणि भातानंच शेवट. छायाबाई वाढत होत्या. त्यांनी विचारलं, "सांबार टाकू का डाळीत?" मी म्हटलं, नको, डाळीत सांबार कशाला. त्यांनी पुन्हा विचारलं, "थोडासा बी नोको?" मी ठामपणे नको म्हटलं. मग दिवाकररावांनी वाटी दाखवली, त्यात चिरलेली कोथिंबीर होती. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सगळे हसले, छायाबाईही हसल्या. त्या सगळ्या मुक्कामात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

नागरा

गाव दक्षिणेला, पण सकाळी आम्ही आधी उत्तरेला नागऱ्याला गेलो. तिथलं जुनं शंकराचं देऊळ छायाबाईंच्या नवसाचं होतं आणि सोमवार होता. दगडी देऊळ, आत गारवा, पायाखाली ओलसर फरशी. गर्दी नव्हती. दिवाकरराव बाहेरच थांबले. "मी नाई येत आत. दोन साल झाले, नाई गेलो," म्हणाले. मी त्यांच्याजवळ थांबलो, पण दारातून आतलं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

छायाबाईंनी सुनंदाचा हात धरून तो पिंडीवर ठेवला. मग तिथेच बसून तिला विचारलं, "ताई, तिकडे काई पत्ता लागला का?"

सुनंदाला कळलं नाही.

"रोशनचा," छायाबाई म्हणाल्या.

मग मला फलाटावरची त्यांची नजर समजली. आम्ही बातमी घेऊन आलोय, कदाचित त्यालाच घेऊन आलोय, असं त्यांच्या मनात होतं. त्या सांगू लागल्या. जंगलपट्ट्यातल्या एका गावात देव अंगात येणारा एक माणूस आहे. त्यानं तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं की पोरगा जिवंत आहे, मावळतीकडे आहे, पाण्याच्या काठी कुणाच्या तरी घरी आहे, त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा ही सगळी मावळतीचीच गावं. त्या भागातल्या दवाखान्यांत कुणी चौकशी केली तर सापडेल, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या बोलण्यात वेडेपणा नव्हता. एखाद्या कामाची माहिती द्यावी तसं त्या नीट सांगत होत्या.

"आमचे लोक मनतेत, पुतळा करा. जित्या पोराले जारू का मी?" तिकडच्या बोलीत कधी कधी ळ चा र होतो. "तलावाच्या काठी वाढला तो, ताई. या काठावरून त्या काठाले पवत जाये. पवनारा पोट्टा कसा बुडन?"

सुनंदा म्हणाली, "नाही हो. काही पत्ता नाही." आणि मान खाली घातली. बाहेर माझ्या शेजारी दिवाकररावांनी तंबाखू मळायला घेतली होती. त्यांनी ती तोंडात न टाकताच झटकून टाकली.

वाटेत

भाड्याच्या जीपनं दुपारी गावाकडे निघालो. शहर मागे पडल्यावर भातखाचरं लागतात, आणि भात निघालेला असला तरी ती उजाड नसतात. ओल्यातच पेरलेली लाखोरी हिरवी उभी असते, तिला बारीक निळी फुलं. आमच्याकडे ऊस नजर अडवतो. इथे नजर लांब जाते आणि जंगलाच्या काळ्या रेघेवर थांबते. पुढे ती रेघ जवळ आली, आणि झाडीत शिरल्यावर चाक पंक्चर झालं.

ड्रायव्हर चाक बदलेपर्यंत आम्ही सावलीत उभे राहिलो. समोर उभ्या दगडांची एक रांग होती. काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याएवढे. एकावर नवं पांढरं कापड गुंडाळलेलं होतं आणि पायथ्याशी मूठभर तांदूळ, एक विडी. दिवाकरराव म्हणाले, गोंड लोकांची ही मसणवट. माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड आणून उभा करतात. ज्याला विडी आवडायची त्याला विडी.

आमच्याकडे तेरा दिवस होतात, भिंतीवर फोटो लागतो आणि पुढे त्या फोटोची काच पुसणंही जिवावर येतं. अमेयचा फोटो आम्ही लावलेला नाही. सुनंदानं लावू दिला नाही आणि मी आग्रह धरला नाही. ती त्या दगडांपर्यंत चालत गेली, कापड गुंडाळलेल्या दगडाजवळ उभी राहिली आणि परत आली. छायाबाई जीपमधून उतरल्याच नाहीत. दुसरीकडे तोंड करून बसून होत्या.

तळ्याकाठी

गहाण्यांचं गाव नवेगावबांधच्या अलीकडे, एका तळ्याच्या पाळीखाली वसलेलं आहे. पाळ म्हणजे मातीचा लांब बांध. त्यांच्या समाजानं पिढ्यान् पिढ्या अशी तळी बांधली. हे तळं दिवाकररावांच्याच पूर्वजांनी गावकऱ्यांना घेऊन बांधलेलं. कौलारू घर, शेणानं सारवलेलं मोठं अंगण, मागे गोठा. प्रणाली पाणी घेऊन बाहेर आली, पाया पडली. अमेयच्या फोनमध्ये मी तिचा फोटो पाहिला होता, रोशनबरोबर कुठल्याशा जत्रेत. तेव्हा शाळेचा गणवेश होता. आता लग्नाची मुलगी.

घरात कुणाचाही फोन वाजला की छायाबाईंचा हात आधी गळ्यातल्या पिशवीकडे जायचा. आंघोळीला जाताना त्या ती पिशवी न्हाणीच्या खुंटीला लावत. प्रणालीनं सुनंदाला सांगितलं की रोशनचा नंबर त्यांनी अजून चालू ठेवायला लावलाय आणि स्वतःचा एक क्षणही बंद होऊ देत नाहीत. अनोळखी नंबर आला की त्या आधी काही बोलत नाहीत, नुसतं ऐकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाकरराव मला पाळीवर घेऊन गेले. तळं शांत होतं, कडेला कमळाची वाळलेली पानं, मध्यावर बदकं. दोघं पाळीच्या मध्यापर्यंत चाललो. मग ते थांबले आणि पलीकडच्या काठावरचं एक झाड दाखवून म्हणाले की रोशन तिथपर्यंत पोहत जायचा आणि तिथून आईला हाक मारायचा.

मी म्हटलं, "अमेयला पोहता येत नव्हतं."

"मालूम हाय. रोशन सांगे. शिकवतो मने त्याले."

इतकं झाल्यावर पुढचं न बोलण्यात अर्थ नव्हता. अमेयला नदीतून काढलं तेव्हा आम्ही दोघेही तिथे होतो. त्याची उजवी मूठ मिटलेली होती. दवाखान्यातल्या माणसानं ती प्रयत्नानं उघडली. आत निळ्या कापडाचा तुकडा होता, शर्टाचा खिसा, शिलाईसकट उसवलेला. अमेयच्या अंगात त्या दिवशी पांढरा शर्ट होता. त्या माणसानं तो तुकडा बाजूला ठेवला. मी दिवाकररावांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर काढून घेतली. त्यानंतर आमच्यात त्याबद्दल शब्द निघाला नव्हता.

दिवाकरराव पाण्याकडे पाहत म्हणाले, "तो उडी मारून त्याले काढाले गेला. तुमच्या पोरानं घट्ट धरला. बुडनारा मानूस धरतेच, त्याचा कसूर नाई. पन छायाले हे कोन सांगन? ती मनते, पवनारा पोट्टा बुडत नाई. हे सांगतल्याबिगर तिले पटनार नाई. आन मी सांगतला, त तुमच्या पोराचा नाव मी घेतला असा होते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या पोराचा हाय, भाऊ. तुमीच सांगा."

म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. मी नाही म्हणू शकलो असतो. परतीची गाडी होती, तब्येतीचं कारण होतं. पाळीवरून खाली उतरेपर्यंत मी ते सगळं मनात घोळवलं. अमेयबद्दल माझ्यापाशी आता फारसं काही उरलेलं नव्हतं. त्याचं नाव तेवढं स्वच्छ होतं. दोन मित्र होते, पाण्यात गेले, दैव. आमच्या आळीत, नातेवाइकांत, सुनंदाच्या मनात तेवढंच होतं. ते मी माझ्या हातानं मोडायचं होतं.

त्या दिवशी मी बोललो नाही. दुपारी जेवायला आंबाडीची भाजी होती, छायाबाईंनी दोनदा आग्रह करून वाढली.

अंगणात

तिसऱ्या दिवशी दुपारी छायाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सुनंदाही सोलत होती. दिवाकरराव गोठ्याच्या दारात उभे. प्रणालीला त्यांनी काही कारण काढून शेजारी पाठवलं होतं. मी जाऊन समोर जमिनीवर बसलो.

गोड करून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी म्हटलं, अमेयला पोहता येत नव्हतं.

"माह्या रोशनले येत होता," छायाबाई म्हणाल्या. हात चालूच होते. "तेच त मी सगळ्याइले सांगून राहिली."

मी म्हटलं, म्हणूनच तो पाण्यात गेला. आणि मुठीचं सांगितलं. निळ्या खिशाचं सांगितलं. सांगताना मी सुनंदाकडे पाहिलं नाही. शेंगा मोडण्याचे आवाज आधी एका बाजूचे थांबले, मग दुसऱ्या.

"कोनता निळा?" छायाबाईंनी विचारलं. तो प्रश्न मला नव्हता.

गोठ्याच्या दारातून दिवाकरराव म्हणाले, "दिवाळीले घेतला तो."

छायाबाई माझ्याकडे वळल्या. "म्हंजे तुमच्या पोरानं धरला त्याले."

"हो."

"आन सोडला नाई."

"नाही."

"तुमाले तवाच मालूम होता."

मी हो म्हटलं. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, त्यांना काही विचारलं नाही. मग एकदम म्हणाल्या, "तुमच्या पोराचा तोंड कसा होता, काढला तवा?"

"छाया," दिवाकरराव म्हणाले.

"मले पायजे. माह्याबी पोराचा तसाच झाला असन."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. अमेयला आम्ही घरी आणलं ते दवाखान्यानं बांधून दिलेल्या गाठोड्यात, आणि उघडू नका अशी सूचना होती. आंघोळ नाही, तेल नाही, काही नाही. बायकांनी लांबूनच हळदकुंकू टाकलं. सुनंदा त्या गाठोड्यापाशी बसली होती आणि लोकांनी तिला उठवून आत नेलं होतं. त्या दिवसापासून तिनं काही विचारलं नव्हतं, आणि ती विचारत नाही तोवर बरं, असं मी धरून चाललो होतो.

सुनंदा म्हणाली, "सांगा. मलाही कळू दे."

मग मी सांगितलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. मासे असतात, खडक असतात. मी त्याला पायावरून ओळखलं. त्याच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

"मी ती ओढून सरळ करायचे, लहानपणी," सुनंदा म्हणाली. "तेल लावताना." तिचा आवाज अगदी रोजचा होता.

छायाबाईंनी गळ्यातली पिशवी काढली. फोन आहे तसा शेंगांच्या टोपलीत ठेवला आणि उठून चालू लागल्या, अनवाणी, पाळीच्या दिशेनं. मी उठलो. दिवाकरराव म्हणाले, "तुमी नोका जाऊ." तेही गेले नाहीत, दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. गेली सुनंदा.

अंगणातून पाळ दिसते. छायाबाई चढून पाळीच्या अगदी पाण्याकडच्या कडेला गेल्या तेव्हा मी अंगणाच्या टोकापर्यंत गेलो. सुनंदा मागून पोहोचली. दोघी खाली बसल्या, एकीपासून दुसरी हातभर लांब. मग छायाबाई ओरडल्या. पाण्यावरून तो आवाज गावावर आला. रडण्याचा नव्हता तो, शब्दही नव्हते त्यात. शेजारच्या अंगणात कुणीतरी धान्य पाखडत होतं ते थांबलं. बदकं उडाली. दिवाकररावांनी दोन्ही हातांनी कान झाकले. प्रणाली धावत आली, तिला काय झालं ते कळेना. ती बापाच्या खांद्याला धरून उभी राहिली.

आम्ही पुरुष दुःख आवरतो, असं लोक म्हणतात. त्या दुपारी मला आमच्या दोघांच्या आवरण्याचा अर्थ दिसला. आम्ही दोघांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे आम्हाला खात्री होती. दोन्ही आयांकडे तेवढंही नव्हतं. एकीला गाठोडं मिळालं होतं, दुसरीला बूट. एवढ्यावर कुणी कसं मानावं की आपलं मूल संपलं?

दिवे लागायच्या सुमाराला दोघी परत आल्या. काय बोलल्या, मला माहीत नाही. सुनंदानं ते आजवर सांगितलेलं नाही.

परत

चौथ्या दिवशी सकाळी आम्हाला निघायचं होतं. छायाबाईंनी स्वयंपाक केला. माझं ताट प्रणालीनं आणून दिलं. डाळ हवी का, भात हवा का, हे विचारायलाही तीच आली. छायाबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. मी जेवून हात धुतले, पाठीलाच नमस्कार केला आणि बाहेर आलो. सुनंदानं बॅगेत फक्त माझे कपडे भरले होते.

"मी राहते," ती म्हणाली. "तिनं सांगितलं नाही, मीच राहते."

दिवाकरराव गोंदियापर्यंत सोडायला आले. फलाटावर त्यांनी मला पाण्याची बाटली घेऊन दिली, खिडकीपाशी उभे राहिले. "भाऊ, तुमी आले नसते त..." एवढं म्हणून त्यांनी खिडकीच्या गजाला धरलं. गाडी सुटेपर्यंत ते तसेच उभे होते.

फाल्गुनात रोशनचं क्रियाकर्म झालं. तोवर तिकडे पळस फुलला होता. मला बोलावणं नव्हतं. सुनंदा त्यानंतर घरी आली आणि तिनं मला सगळं सांगितलं. दोन वर्षांत आम्ही इतका वेळ बोललो नव्हतो. पानांचा माणूस अंगणातच बांधला. छायाबाईंनी त्याला रोशनचा शर्ट घातला आणि बटणं एकेक करून लावली. नारळाला हळद आणि तेल लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी वाटी सुनंदापुढे केली. "तू लाव," म्हणाल्या, "तुले लावाले नाई भेटला." सुनंदानं लावलं. तिकडेही बायका मसणवटीत जात नाहीत, पण या दोघी गेल्या. लांब झाडाखाली उभ्या राहिल्या, आणि त्यांना परत जा म्हणण्याची कुणाची हिंमत झाली नाही. अग्नी दिवाकररावांनी दिला. पानं ओली होती, धूर फार झाला. सगळं जळेपर्यंत दोघी हलल्या नाहीत.

मग सुनंदा थांबली. माझ्यासाठी निरोप होता, आणि तो तिनं बदलला नाही. छायाबाईंनी सांगितलं होतं: "भाऊनं खरा सांगतला, बरा केला. पन त्याहीले आता माह्या दारात नोको आनू. त्याहीच्या तोंडाकडे पायला का मले त्या पोराचा हात दिसते. तू येत जा."

मी ऐकून घेतलं. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, समजूत घालण्यासारखंही नव्हतं. अमेय माझ्यासारखा दिसायचा, सगळे म्हणत.

वैशाखात लग्नाला सुनंदा एकटी गेली. आहेराची साडी तिनं स्वतः निवडली, मी दुकानात नुसता बरोबर होतो. प्रणालीनं नंतर फोनवर फोटो पाठवले. एका फोटोत मांडवात छायाबाई आणि सुनंदा शेजारी उभ्या आहेत, दोघींच्या कपाळावर अक्षता चिकटलेल्या. छायाबाई सरळ समोर बघताहेत. तो फोटो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. त्यांच्या घरी चार दिवस राहून त्यांच्याकडे मला तसं कधी पाहता आलं नव्हतं.